कंगव्याची मूठ

दवाखान्यातून मी एकटा घरी आलो तेव्हा मागच्या खोलीत मशीनवर लाकडाचा तुकडा तसाच आवळलेला होता. कटर वर उचललेला, खाली भुसा पडलेला, आणि तुकड्यात मूठ अर्धीमुर्धी उमटलेली. मी दार ओढून घेतलं आणि पुढे कित्येक महिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

आयुष्यभर मी पाण्याच्या पंपांची दुरुस्ती केली. निवृत्त झाल्यावर नुसतं बसवेना म्हणून सुटे भाग मागवून हे मशीन जोडलं. शिलाई मशीनच्या टेबलाएवढं असेल. संगणक सांगेल त्या रस्त्यानं कटर फिरतो आणि लाकूड कोरतो. पाट्या कोरल्या, डबे केले, दारांच्या मुठी केल्या. बायकोला मी चारचौघांत कायम 'ही' म्हणत आलो, इथेही तसंच म्हणतो. तर ही त्या मशीनला सवत म्हणायची. मशीन अडकून खडखडलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सवत ओरडतेय, जा, बघा काय हवंय तिला. मी हाक मारली की ऐकू येत नाही तुम्हाला."

मग हिचे हात वाकायला लागले. संधिवात. बोटं एका बाजूला कलली, चमचा निसटायला लागला, सुरी धरवेना. बाजारात जाड मुठीचे चमचे मिळतात, ते आणून पाहिले. ही म्हणाली, "हे कुणा दुसरीच्या हाताचे आहेत." तिथून मला सुचलं.

मऊ मातीचा एक गोळा होता. तो हिच्या हातात द्यायचा. ही चमचा धरल्यासारखा तो आवळायची. मग गोळ्याचे चारी बाजूंनी फोटो काढायचे, फोटोंवरून संगणक आकार बनवायचा आणि आकारावरून कटरचा रस्ता. हा रस्ता म्हणजे नुसते आकडे. इकडे एवढं सरक, खाली एवढं उतर, पुन्हा सरक, अशा हजारो ओळी. त्याला कोड म्हणतात. मूठ दोन फाकांत कोरायची, एक बोटांची, एक अंगठ्याची, आणि दोन्ही चिकटवायच्या. आपलं काम झालं की ही गोळा परत मळून डब्यात टाकायची, पुढच्या खेपेसाठी.

पुढची खेप यायचीच. हात आणखी वाकला की जुनी मूठ बसेनाशी व्हायची. मग पुन्हा माती, पुन्हा फोटो, पुन्हा भुसा. जुन्या मुठी मी टाकल्या नाहीत. एका खोक्यात ठेवत गेलो.

शेवटची मूठ कंगव्याची होती. हिचे केस तेव्हाही दाट होते आणि दुसऱ्या कुणी विंचरलेले हिला चालत नसत. मी एकदा कंगवा हातात घेतला तर म्हणाली, "नको बाई. तुम्ही स्वतःच्या डोक्याचं काय केलंत ते दिसतंय मला." बोटांची फाक पुरी झाली होती. अंगठ्याची मशीनवर होती. कोरायचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी जाड कटर पायऱ्या पायऱ्यांनी लाकूड काढून टाकतो, पण खऱ्या आकारावर अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवतो. मग बारीक कटर लावायचा, तो हा अर्धा मिलिमीटर अलगद उतरवतो. पहिला टप्पा नुकताच संपला होता. मी कटर बदलायला पाना हातात घेतला आणि बाहेरच्या खोलीत हिला श्वास घेता येईनासा झाला.

म्हणजे हिचा अंगठा त्या लाकडात अर्धा मिलिमीटर खाली होता. लोक भेटायला यायचे, बोलायचे, मी मान हलवायचो, पण डोक्यात एवढी एकच गोष्ट असायची. बाकी सगळं आवरून झालं होतं. हे तेवढं राहिलं होतं आणि ते मला पुरं करायचं होतं.

मुलगी मधे चार दिवस राहून गेली. "बाबा, त्या खोलीत उंदीर होतील," म्हणत तिनं मागची खोली झाडली, पुसली, मशीनची वायर भिंतीतून काढली आणि नीट गुंडाळून ठेवली. लाकडाला हात लावला नाही, हे नशीब. पण वायर काढली तिथेच घात झाला. महागड्या मशीनांना आपली जागा परत शोधता येते. माझ्या मशीनला वीज गेली की आपण कुठे उभे आहोत हेच आठवत नाही. सगळे आकडे ज्या एका बिंदूपासून मोजायचे तो बिंदू, आम्ही त्याला झीरो म्हणतो, तो हरवला. मुलीला मी काही बोललो नाही. आईविना पोर, तिला काय सांगणार की तू वायर का काढलीस.

मुलगी गेल्यावर धाकटी आली. धाकटी म्हणजे हिची बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, "भाऊजी, ताईच्या त्या मुठी कुठे आहेत?"

"आहेत. का?"

तिनं हात पुढे केले. मला सांगायची गरज नव्हती. बोटांची मुळं सुजलेली, करंगळी बाहेर कललेली. हिचं असंच सुरू झालं होतं.

"सकाळी बटणं लावायची तर देव आठवतो," ती म्हणाली. "म्हटलं, ताईचं पडूनच असेल तर मी वापरते."

"देतो. एक अर्धी राहिलीय. ती पुरी झाली की सगळं खोकंच देतो."

"राहिलेली मूठ आता कुणासाठी पुरी करताय?"

मी चहाचं आधण ठेवायला वळलो.

"ताई उगाच नव्हती म्हणत, तुमच्या डोक्यात भुसा आहे म्हणून," धाकटी म्हणाली आणि चहा न घेता गेली. तिला तसं पाठवलं हे मला लागलं, पण खोकं काढून द्यायला हात उचलेना. एकदा ते घराबाहेर गेलं की हिचे हात घराबाहेर गेले, असं वाटायचं.

माझ्या ओळखीत एक लेथवाला आहे, जुना सोबती. त्याला बोलावलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवून तुकडा बघितला.

"झीरो कुठून घेतला होतास?"

"वरून. कोपऱ्यातून."

"कुठाय तो कोपरा?"

"कापला गेला."

"शाब्बास! म्हणजे ज्या फांदीवर बसलास तीच तोडलीस." तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "कोड आहे ना?"

"मेमरी कार्डावर दोन्ही फाईली आहेत. आकार ज्यात होता तो लॅपटॉप बसला."

"मग रडतोस कशाला? दुसरं लाकूड लाव, पहिल्यापासून चालू कर. जेवायच्या आत मूठ तुझ्या हातात."

"हेच लाकूड पुरं करायचंय."

"ह्याला काय सोनं लागलंय?"

"हे कापत होतं तेव्हा ही घरात होती."

तो थोडा वेळ मशीनच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तर मग पहिल्या टप्प्याचीच फाईल पुन्हा लाव. मोटर बंद ठेव, कटर फिरू देऊ नकोस. खाली कागद धर आणि आपल्याच जुन्या पायऱ्यांवरून त्याला चालव. पायऱ्या जुळल्या की झीरो सापडला."

"माझ्याही मनात तेच होतं."

"आणि बारीक कामाची फाईल एकदा तपास. तुझा तो चमचा आठवतो ना?"

चमचा आठवत होता. कोडमध्ये सरळ जायच्या ओळी असतात तशा वळण घ्यायच्या असतात. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, मध्य कुठे, असं त्यात लिहिलेलं असतं. वळण फारच बारीक असलं की संगणक दशांशानंतरचे आकडे तोडतो आणि निघायची जागा आणि पोचायची जागा एकच होऊन बसते. माणसाला कळेल की अरे, इथे हलायचंच नाही. मशीनला वाटतं, निघालो तिथेच परत यायचंय, म्हणजे पुरा फेरा मारायचा. आणि ते मारतं. त्या चमच्याच्या मुठीत असंच एक गोल भोक पडलं होतं, ती पुन्हा कोरावी लागली होती.

"सगळी वळणं काढून टाक," लेथवाला म्हणाला. "बारीक बारीक सरळ रेघा करून घे. एका बटणाचं काम आहे."

"नाही. फाईलला हात लावायचा नाही."

"फाईल आहे की पोथी आहे?"

"हिच्या हातावरून बनलीय ती. हीच शेजारी बसून बघत होती. एक आकडा इकडचा तिकडे करणार नाही मी."

त्यानं हात जोडले. "तुझं लाकूड, तुझी फाईल. मी कोण?"

मग मी झीरो शोधायला लागलो. मोटर बंद. कटर थंड, नुसत्या बोटासारखा. त्याच्याखाली पातळ कागदाची पट्टी धरायची आणि कोड सोडायचा. कटर पहिल्या पायरीवर यायचा. कागद सैल निघाला तर आपण उंच आहोत. फाटला तर खोल आहोत. सरकताना किंचित अडला पाहिजे, म्हणजे बरोबर. एका पायरीवर जमलं की दुसरीवर चुकायचं, कारण आडवंही जुळायला हवं. केसभर डावीकडे सरकव, पुन्हा सोड. केसभर मागे घे, पुन्हा सोड. जेवण झालं की मी खोलीत जायचो आणि उजेड गेला की बाहेर यायचो. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, काय करता दिवसभर?" मी म्हणायचो, "कागद सरकवतो." ती काळजीत पडायची.

खरं सांगायचं तर ते दिवस बरे गेले. कटर आपल्याच जुन्या खुणांवरून चालत होता, कुठे काही न कापता. मला घाई नव्हती.

एक दिवस सगळ्या पायऱ्यांवर कागद सारखाच अडला. पहिल्या, मधल्या, शेवटच्या. मी दोनदा पाहिलं. मग जाड कटर काढला, बारीक लावला, एका पायरीच्या तळाला टेकवून त्याची उंची जुळवली. आता निमित्त काढायला काही उरलं नव्हतं. मोटर चालू केली आणि दुसरी फाईल सोडली.

बारीक कटरचा आवाज जाडसारखा नसतो. गुणगुणल्यासारखा असतो. तो तुकड्याच्या एका टोकाला लागला आणि पायऱ्या जायला लागल्या. त्यांच्या जागी गुळगुळीत लाकूड यायला लागलं, चकचकीत नाही, पण हाताला मऊ लागेल असं. तळव्याचा उंचवटा आला. त्याच्या कडेची दुमड आली. मी ती दुमड ओळखली. ही हात धुऊन झटकायची तेव्हा पाणी तिथे साचून राहायचं. भुसा हातानं बाजूला करत मी वाकून बघत होतो. इतके दिवस जे म्हणत होतो ते खरं होत होतं. हात वर येत होता.

अंगठ्याच्या खळीशी कटर जरा थबकला आणि एकदम गोल फिरला.

पापणी लवायच्या आत झालं. खळीच्या दोन्ही काठांचे उंचवटे उडवत त्यानं बांगडीएवढा नसेल, पण अंगठीहून मोठा असा एक फेरा मारला आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढच्या ओळीवर गेला. माझा हात बटणावरच होता. दाबलं तेव्हा कटर फेऱ्याच्या बराच पुढे पोचला होता. मशीन सरकायचं थांबलं. मी फुंकर मारून भुसा उडवला. अंगठा जिथे होता तिथे एक गोल चर होता, कडा जळकट झालेल्या.

मी खुर्चीवर बसलो. मोटर फिरतच होती.

आधी स्वतःला शिव्या घातल्या. लेथवाल्यानं सांगितलं होतं, एका बटणाचं काम होतं. मग हळूहळू दुसरंच डोक्यात यायला लागलं. ती ओळ फाईलमध्ये आज आली नव्हती. फाईल बनली त्या दिवसापासून ती तिथे होती. त्या दिवशी हिला काही झालं नसतं, मी पान्यानं कटर बदलून पुढचा टप्पा सोडला असता, तरी हा फेरा इथेच पडला असता. मूठ त्याच दिवशी वाया गेली असती. ही दारात येऊन म्हणाली असती, "चावली का सवत? आणा ती माती इकडे." आणि गोळा पुन्हा आवळून दिला असता. तोही पहिल्यासारखा नाही, कारण तेवढ्यात हात आणखी थोडा वाकलेला असता. मूठ कधीच एका दिवसाहून जास्त खरी नव्हती. मी लाकडात हात शोधत होतो आणि हिच्याजवळ तो हात कधी थांबलाच नव्हता. आज ही असती तर ही मूठ हिलाही बसली नसती.

मी उठून बटण दाबलं आणि मशीनला पुढे जाऊ दिलं. मधेच सोडून काय करणार? कटरनं उरलेला अर्धा मिलिमीटर नीट उतरवला. काम संपलं तसा तो आपोआप वर उचलला गेला आणि थांबला. मी तुकडा सोडवला नाही. दिवसभर नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मीच धाकटीला फोन केला. ती आली तेव्हा दोन्ही फाका टेबलावर होत्या, न चिकटवलेल्या. तिनं चर बघितला.

"हे काय झालं?"

"चुकलं."

"इतकी वाट बघायला लावलीत आणि चुकवलंत?"

"हो."

दोन्ही फाका जुळवून तिनं हातात धरल्या. फिरवून पाहिल्या. "शेवटी अंगठा एवढा आत गेला होता ताईचा?"

"हो."

"मला कधी बोलली नाही. फोनवर नुसती हसायची." तिनं फाका खाली ठेवल्या. "मला नाही बसत ही. खोकं आणा."

मी खोकं आणलं. तिनं एकेक मूठ काढून हातात धरून बघायला सुरुवात केली. पहिली ढिली. तिनं बाजूला ठेवली. दुसरी जरा बरी. तिसरी चमच्याची होती. ती तिच्या हातात गेली आणि बसली. बोटं आपापल्या खाचांत गेली, करंगळीही. तिनं मूठ हलवून पाहिली, हवेत चमचा फिरवल्यासारखा हात फिरवला.

"अरे वा!" ती म्हणाली. "भाऊजी, ही तर माझीच आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. ती मूठ मी केव्हा केली ते मला चांगलं आठवत होतं.

"ही कधीची?" तिनं विचारलं.

"मुलगी नोकरीला बाहेरगावी गेली त्या वर्षीची."

"म्हणजे ताई तेव्हा..." ती थांबली. आपल्या हाताकडे बघितलं, मग खोक्याकडे. उरलेल्या मुठी तिनं बाहेर काढल्या आणि मला विचारून विचारून टेबलावर एका ओळीत लावल्या. ही आधी की ती आधी? त्यानंतर कोणती? मी सांगत गेलो. पहिल्या मुठींच्या खाचा सरळ होत्या. पुढे पुढे कलत गेल्या होत्या. ओळीच्या टोकाला तिनं ती चर पडलेली ठेवली.

"मी इथे आहे," तिसऱ्या मुठीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली. "आणि ह्या पुढच्या."

"सगळ्यांचे हात सारखेच वाकतात असं काही नाही."

"डॉक्टर नका होऊ. पंपवाले आहात, पंपवाल्यासारखं बोला."

मी म्हणालो, "चौथीला दीडेक वर्ष लागलं होतं."

तिनं मान डोलावली. कुणीतरी एकदाचं सरळ उत्तर दिलं, अशी. मग तिसरी मूठ पदरात गुंडाळली आणि उठली.

"बाकीच्या इथेच राहू द्या. लागतील तशा नेईन. घरी नेऊन रोज कोण बघत बसणार त्यांच्याकडे?" दारापाशी ती वळली. "आणि ती शेवटची. फुटकी देणार का मला?"

"नवी करतो."

"सावकाश करा," ती म्हणाली. कडी तिच्यानं सरकेना. ती मी सरकवली.

ती गेल्यावर मी कार्ड मुलीनं पाठवलेल्या लॅपटॉपला लावलं. ती ओळ शोधायला वेळ लागला, पण सापडली. सापडल्यावर पुसायला काही जड गेलं नाही. सगळी वळणं काढून सरळ रेघा करून घेतल्या. एका बटणाचंच काम होतं. मशीनवरचा उरलासुरला भुसा झाडला आणि फळी पुसून घेतली.

धाकटीला ही मूठ बसेल तो दिवस कधी येऊच नये, असं मला मनापासून वाटत होतं. तरी फडताळातल्या लाकडांतून मी गाठ नसलेलं, सरळ रेषांचं, टिकेल असं लाकूड निवडत बसलो होतो.